डोळ्यांतला ‘ळ’ कोण तपासणार?

लग्नपत्रिका, क्लासच्या जाहिराती, निवडणुकीचे फलक, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं असं गेल्या आठ-दहा वर्षांतलं कुठलंही मराठी छापील साहित्य चाळलं, तर मोजकीच अक्षरवळणं पुन्हा पुन्हा भेटतात. पॉपिन्स, मुक्ता, हिंद, बलू आणि जरा मजा करायची असेल तेव्हा गुबगुबीत मोदक. ही सगळी वळणं गूगल फॉन्ट्स या सार्वजनिक संग्रहातली आहेत. कुणीतरी ती काढली, मुक्त परवान्याखाली संग्रहात दिली आणि तिथून ती दस्तऐवज लिहायच्या, पोस्टर करायच्या, संकेतस्थळ उभारायच्या प्रत्येक साधनाच्या यादीत जाऊन बसली. पॉपिन्स तर अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा. त्यातली रोमन अक्षरं जॉनी पिनहॉर्न यांची, देवनागरी निनाद काळे यांची. जगभरातल्या कंपन्या आपल्या इंग्रजी संकेतस्थळांवर तो वापरतात. त्याच घरात अख्खी देवनागरी नांदते आहे, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

एखाद्या संस्थेने स्वतःसाठी करवून घेतलेला, किंवा एखाद्या अक्षरकाराने हौसेने पूर्ण केलेला देवनागरी फॉन्ट असा सार्वजनिक करायचा, तर दोन प्रश्न येतात. संग्रहात तो जातो कसा, हा पहिला. गेल्यावर तो मराठी नीट लिहितो का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाभोवती गेल्या पंधरा वर्षांत नियम, साधनं आणि तपासण्यांची चोख व्यवस्था उभी राहिली आहे. दुसऱ्याची जबाबदारी कुणाची, हे अजून ठरलेलं नाही. या सगळ्या व्यवहाराचा खरा कच्चा दुवा तोच आहे, असं माझं मत आहे.

मागचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा. संगणकावरची मराठी पहिली अनेक वर्षं बंदिस्त फॉन्टांत राहिली. सी-डॅक आणि पुण्याची मॉड्युलर इन्फोटेक यांच्या प्रणालींवर आपली वर्तमानपत्रं आणि प्रकाशनं चालली. प्रत्येकाची सांकेतिक मांडणी निराळी. एका प्रणालीत जुळवलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांचा कचरा दिसायचा. मजकूर आणि फॉन्ट यांची अशी गाठ मारलेली होती की फॉन्ट हरवला तर लेखच हरवला. युनिकोडने ती गाठ सोडवली. विंडोज २००० सोबत र. कृ. जोशी यांचा मंगल आला आणि अनेकांनी पहिल्यांदा कुठलंही वेगळं सॉफ्टवेअर न घेता पडद्यावर मराठी वाचली. पण मंगल मायक्रोसॉफ्टसोबतच येणार. त्यात कुणाला एक मात्रा सरकवायची झाली तरी परवानगी नाही.

मुक्त म्हणावा असा, सर्वदूर पोचलेला सुरुवातीचा संच म्हणजे रेड हॅटचा लोहित. त्याची मूळ अक्षरं मॉड्युलर इन्फोटेककडूनच आली होती. ज्या शहरात बंदिस्त फॉन्टांचा धंदा भरभराटीला आला, त्याच शहरातून लिनक्सच्या जगाला भारतीय लिप्यांची खुली अक्षरं मिळाली. लोहित आधी जीपीएल या सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली होता आणि २०११ मध्ये तो ओपन फॉन्ट लायसन्सखाली आणला गेला. हा बदल कागदोपत्री वाटतो, पण सार्वजनिक संग्रहाचा सगळा डोलारा त्याच परवान्यावर उभा आहे.

हा परवाना एसआयएल इंटरनॅशनल या संस्थेने तयार केला. त्याची आज चालू असलेली १.१ ही आवृत्ती फेब्रुवारी २००७ ची. एसआयएल ही ख्रिस्ती पार्श्वभूमीची भाषासंस्था. जगातल्या लहान भाषांमध्ये काम करताना तिला जिथे कुणी व्यापारी फॉन्ट काढणार नाही, तिथे फॉन्ट लागत होते. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये काम शिकलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर छापखाना उभा केला, हे आठवलं की अक्षरांचा आणि धर्मप्रसाराचा हा संबंध नवा वाटत नाही. हेतू काहीही असो, खिळे मागे राहतात.

परवान्याच्या अटी मोजक्या आहेत. फॉन्ट कुणीही वापरावा, अभ्यासावा, बदलावा, वाटावा. त्याने छापलेलं पुस्तक किंवा केलेलं बोधचिन्ह विकायला हरकत नाही आणि त्यावर श्रेय छापायचं बंधनही नाही. फॉन्ट एकटा, सुटा विकायचा नाही. इतर सॉफ्टवेअरसोबत दिला तर चालेल. कुणी त्यात बदल करून नवा फॉन्ट काढला, तर तो याच परवान्याखाली द्यायचा. शेवटची अट म्हणजे मूळ लेखकांचं नाव बदललेल्या फॉन्टच्या जाहिरातीला वापरायचं नाही.

बदल करण्याच्या या मोकळीकीचं मराठीतलं सर्वांत सुंदर उदाहरण यशोमुद्रा हे आहे. राज्य मराठी विकास संस्थेने हा फॉन्ट करवून घेतला. पुढे मुंबईच्या आयआयटीमध्ये संस्कृत ग्रंथ आणि शास्त्रीय मजकूर छापण्यासाठी फॉन्ट हवा होता, तेव्हा तिथल्या गटाने देवनागरीचं काम कोऱ्या कागदावरून सुरू केलं नाही. त्यांनी यशोमुद्रेवर बांधकाम केलं आणि शोभिका तयार झाली. तिच्यात देवनागरीची सोळाशेहून अधिक चिन्हं आहेत, त्यांत अकराशेहून अधिक जोडाक्षरं, शिवाय वैदिक स्वरचिन्हं. एका सरकारी संस्थेने मराठीसाठी केलेला खर्च असा संस्कृतच्या अभ्यासकांच्या कामी आला, आणि त्यासाठी कुणाला मंत्रालयात फाइल फिरवावी लागली नाही. ‘फुकट मिळतो’ एवढ्यावर आपण मुक्त फॉन्टांचं कौतुक थांबवतो. त्यांचा खरा उपयोग दुरुस्ती आणि वाढ करण्याच्या या हक्कात आहे. विनामूल्य असलेले सगळेच फॉन्ट तो हक्क देत नाहीत. इंडियन टाइप फाउंड्रीच्याच फॉन्टशेअर या संग्रहातले अनेक फॉन्ट वापरायला मोफत आहेत, पण ते त्या फाउंड्रीच्या स्वतःच्या परवान्याखाली.

परवान्यात एक जागा मात्र नवख्यांना हमखास अडवते. ती म्हणजे राखीव नावाची. मूळ लेखकाला आपल्या फॉन्टचं नाव राखून ठेवता येतं. मग बदललेल्या फॉन्टला ते नाव देता येत नाही. अक्षरकाराला ही तरतूद साहजिकच आवडते, कारण दुसऱ्याने बिघडवलेला रफार आपल्या नावावर कशाला? पण गूगलचा संग्रह फॉन्ट जसाच्या तसा पाठवत नाही. वाचकाच्या ब्राउझरला लागतील तेवढीच अक्षरं, म्हणजे देवनागरीचा तुकडा वेगळा आणि रोमनचा वेगळा, अशी कापून आणि दाबून तो पाठवतो. परवान्याच्या भाषेत हा बदलच झाला. म्हणून संग्रहात द्यायच्या फॉन्टवर राखीव नाव नसावं, असा त्यांचा आग्रह असतो. संस्थेने स्वतःच्या नावाचा फॉन्ट केला असेल, तर इथे विचार करावा लागतो. बोधचिन्हात, पाट्यांवर, पत्रव्यवहारात जे नाव मिरवायचं, तेच नाव उद्या कुणीही बदललेल्या फॉन्टला देऊ शकेल. व्यापारचिन्हाचा कायदा वेगळं संरक्षण देतो, पण परवान्यातलं संरक्षण सोडावं लागतं. हा निर्णय आराखडा काढण्याआधी व्हायला हवा. प्रत्यक्षात तो सगळं झाल्यावर, वकिलाच्या टेबलावर होतो.

नावाचं आणखी एक आहे. ते रोमन लिपीतच नोंदवावं लागतं आणि आधीच्या कुठल्या फॉन्टशी ते टक्कर देत नाही हे तपासावं लागतं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरसंस्थेने बलूच्या नऊ भारतीय लिप्यांच्या संचाला नावं देताना जी गंमत केली, ती या रूक्ष नोंदवहीत उठून दिसते. गुजरातीचा बलू भाई, बांगलाचा बलू दा, कन्नडचा बलू तम्मा, मल्याळमचा बलू चेट्टन. देवनागरीचा मात्र नुसताच बलू. ना भाऊ, ना दादा.

आता प्रत्यक्ष सादर करण्याविषयी. गूगल फॉन्ट्स मे २०१० मध्ये सुरू झालं आणि आज त्यात दीड हजारांहून अधिक फॉन्टकुटुंबं आहेत. नुसती तयार फाइल पाठवून भागत नाही. फॉन्टचं सगळं मूळ काम, म्हणजे अक्षरांच्या रेखाटनांच्या फाइली, त्यापासून फॉन्ट बनवणारी कृती, परवान्याचा मजकूर, लेखकांची यादी, हे गिटहब या सार्वजनिक संकेतस्थळावर उघडं ठेवायचं. हक्काची ओळही ठराविक साच्यात लिहायची. तिथे व्यक्तीचं नाव नसतं. ‘अमुक प्रकल्पाचे लेखक’ असं लिहून पुढे प्रकल्पाचा पत्ता द्यायचा. मग संग्रहाच्या भांडारात रीतसर विनंती नोंदवायची, गूगलच्या योगदान-करारावर सही करायची आणि थांबायचं. संग्रहाची माणसं मोजकी असतात आणि रांग मोठी.

रांगेच्या आधी यंत्राची चाळणी असते. फॉन्टबेकरी नावाचं साधन फाइलीची नाडी पाहतं आणि उत्तीर्ण, इशारा, नापास असे शेरे मारतं. वजनांची नावं ठरलेल्या पद्धतीत आहेत का, फॉन्ट दस्तऐवजात रुतवायला कुठे अटकाव राहिला नाही ना, परवान्याची ओळ आत लिहिली आहे का, एकाच कुटुंबातल्या फाइलींच्या उंचीच्या नोंदी सारख्या आहेत का, रेषा एकमेकींवर चढल्या तर नाहीत ना, अशा शेकडो गोष्टी ते पाहतं. फॉन्ट देवनागरीचा असला तरी मूलभूत रोमन अक्षरं लागतातच. पहिल्या खेपेला नापासांची यादी पाहून माणूस हबकतो. पण यातल्या बहुतेक चुका दोन दिवसांत सुधारता येतात. यंत्र दाखवतं त्या चुका मुळात सोप्या जातीच्या असतात.

उंचीच्या नोंदींचा प्रश्न मात्र सोपा नाही आणि देवनागरीत तो जास्त टोचतो. प्रत्येक फॉन्ट संगणकाला सांगतो की माझी अक्षरं वर एवढी आणि खाली एवढी जातात. त्यावरून ओळींमधलं अंतर ठरतं. रोमन लिपीत हे ठरवणं तुलनेने निवांत असतं. देवनागरीत शिरोरेषेच्या वर रफार, त्यावर मात्रा, त्यावर अनुस्वार येतो. खाली जोडाक्षराचा मनोरा आणि त्याला उकार. ‘सर्वांत’ वर चढतो, ‘राष्ट्रू’सारखं काही आलं तर खाली उतरतं. सर्वांत उंच आणि सर्वांत खोल अक्षर धरून नोंद केली, तर ओळी इतक्या फाकतात की परिच्छेद विरळ, दात पडल्यासारखा दिसतो. सर्वसाधारण अक्षरं धरून केली, तर काही प्रणालींत उकार कापले जातात किंवा वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारांना भिडतात. यात शंभर टक्के बरोबर उत्तर नाही, तडजोडच आहे. आणि ती एकदाच करता येते. फॉन्ट प्रसिद्ध झाल्यावर या नोंदी बदलू नयेत असा संग्रहाचा दंडक आहे, कारण तो फॉन्ट वापरणाऱ्या असंख्य पानांच्या ओळी एका रात्रीत खालीवर होतील. दंडक रास्त आहे. म्हणूनच सादर करण्याआधी खऱ्या मजकुराची चार पानं छापून, भिंतीवर लावून पाहिल्याशिवाय ही संख्या भरू नये.

खरा मजकूर म्हणजे कोणता? इथे दुसरा प्रश्न सुरू होतो.

देवनागरीचे बहुतेक फॉन्ट हिंदीचा मजकूर समोर ठेवून घडवले आणि तपासले जातात. बाजार तिकडे आहे, त्यात गैर काही नाही. पण मराठीचं व्याकरण लिपीला निराळ्या ठिकाणी राबवतं. आपलं सामान्यरूप घ्या. मोठा, छोटा, थोडा, वाकडा, डोळा, दुसरा ही साधी रूपं मोठ्या, छोट्या, थोड्या, वाकड्या, डोळ्या, दुसऱ्या अशी होतात. अनेकवचनात गाड्या, पट्ट्या, दाढ्या, पोळ्या, सुऱ्या येतात. म्हणजे ट, ठ, ड, ढ, ळ, र यांना ‘य’ जोडण्याची पाळी मराठीत जवळजवळ प्रत्येक ओळीत येते. यातल्या ट, ठ, ड, ढ यांना उभा दंड नाही. तो कापून अर्धं अक्षर करता येत नाही, म्हणून ‘य’चं खास जोडरूप काढावं लागतं आणि प्रत्येक अक्षराच्या पोटाशी ते वेगळं बेतावं लागतं. हिंदीच्या परिच्छेदात ही जोडणी अधूनमधून येते. अधूनमधून येणाऱ्या अक्षराकडे अक्षरकाराचं लक्षही अधूनमधूनच जातं.

‘ळ’चं तर विचारूच नका. हिंदीत तो जवळजवळ नाहीच. त्यामुळे हिंदीकेंद्री फॉन्टांत ‘ळ’ बहुधा असतो, पण पाहुण्यासारखा अंग चोरून. त्याच्या दोन वाट्या शेजारच्या अक्षरांपेक्षा काळ्या किंवा फिक्या पडतात, आणि ‘डोळ्यांत’ लिहिलं की ‘ळ’चा पाय मोडून ‘य’ शेजारी सुटा उभा राहतो. वाचक अडत नाही, पण दर ओळीला खडा लागतो.

‘र’ची दोन रूपं हा आणखी मोठा मामला आहे. आचार्यांना आणि आचाऱ्यांना, दर्या आणि दऱ्या. इथे रफार की आडवा, कोरीसारखा ‘र’, यावर अर्थ फिरतो. वऱ्हाड, कऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा यांना हाच आडवा ‘र’ लागतो. युनिकोडमध्ये तो दोन मार्गांनी लिहिता येतो. एक, नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून. दुसरा, साध्या ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. लोक आपापल्या कळफलकाप्रमाणे दोन्ही वापरतात. फॉन्टने दोन्ही मार्ग ओळखून एकच आकार दाखवला पाहिजे. एक मार्ग सुटला, तर अर्ध्या महाराष्ट्राला आडव्या ‘र’च्या जागी नुक्ता आणि पाय मोडलेला ‘र’ दिसणार. ‘ॲ’ची हकीकतही अशीच आहे. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत मिळाली. त्याआधी सुरू झालेल्या फॉन्टांत तो नंतर घुसवला गेला, आणि कधी कधी तसा दिसतोही. ‘ॲप’ आणि ‘ॲडमिशन’ यांच्याशिवाय आज कुठली पाटी पूर्ण होते?

शिवाय ‘ल’ आणि ‘श’. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदीत रूढ असलेल्या रूपांहून वेगळे, आणि महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात लिपीचं प्रमाणीकरण करताना मराठी रूपंच ग्राह्य धरली. फॉन्टमध्ये दोन्ही ठेवण्याची सोय आहे. मजकूर मराठी आहे असं संगणकाला कळलं की मराठी रूप आपोआप येतं. अडचण त्या ‘कळलं की’मध्ये आहे. कितीतरी मराठी पानांवर भाषेची खूणच केलेली नसते, आणि पोस्टर करायच्या बऱ्याच साधनांत ती करायची सोयही नसते. मग फॉन्टच्या पोटात मराठी ‘ल’ असूनही वाचकाला तो भेटत नाही. टिरो टाइपवर्क्स या अक्षरसंस्थेने यावर सरळ उपाय केला. मूर्ती क्लासिकल लायब्ररीच्या ग्रंथांसाठी सुरू झालेल्या कामातून त्यांनी टिरो देवनागरी हिंदी, टिरो देवनागरी मराठी आणि टिरो देवनागरी संस्कृत अशी तीन वेगळी कुटुंबं संग्रहात ठेवली. तंत्रशुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना ही पुनरुक्ती वाटेल. मला ती वाचकाची बाजू घेणारी वाटते. माझ्या मते मराठी पुस्तकाच्या आतल्या पानांसाठी संग्रहात आज मिळणाऱ्या वळणांत टिरो देवनागरी मराठी सगळ्यांत निर्णयसागरी चवीचं आहे. मराठी संस्थेने स्वतःसाठी फॉन्ट करवून घेतला असेल, तर मुळातच मराठी ‘ल’, ‘श’ ठेवावेत आणि हिंदी रूपं भाषेच्या खुणेवर सोडावीत. हे ठरवणं तिच्या हातात असतं. नेमून दिलेल्या कामात हा मुद्दा लिहिलेला नसतो, एवढंच.

यातलं किती संग्रहाच्या चाळणीत पकडलं जातं? पूर्वी जवळजवळ काहीच नाही. आता परिस्थिती थोडी सुधारते आहे. प्रत्येक भाषेला कोणती अक्षरं लागतात याची नोंद ठेवणारं एक खुलं भांडार गूगल फॉन्ट्सने उभं केलं आहे, आणि शेपरग्लॉट नावाचं साधन त्यावरून फॉन्ट एखादी भाषा खरोखर पेलतो का हे पाहतं. मराठीच्या नोंदीत काय असावं, हे कुणीही सुचवू शकतं. पण यंत्राला ‘ळ्य’ जुळला की नाही एवढंच कळणार. जुळलेला ‘ळ्य’ बुटका आहे, ऱ्हस्व वेलांटीची कमान रुंद जोडाक्षराच्या दंडापर्यंत न पोचता मधेच पडली आहे, ‘वाङ्मय’मधल्या ङ चा ठिपका पुसट झाला आहे, हे पाहायला डोळे लागतात, आणि तेही रोज मराठी वाचणारे. संग्रहाच्या संपादकांकडे मराठी वाचक असेलच असं धरून चालता येत नाही. कोकणीचं दुखणं याहून जास्त. गोव्यात देवनागरी कोकणी राजभाषा आहे, पण तिच्यासाठी फॉन्ट तपासायचा विचार मराठीच्याही नंतर येतो.

केरळकडे पाहिलं तर हेवा वाटतो. तिथे स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग हा स्वयंसेवकांचा गट कित्येक वर्षं आपल्या भाषेचे फॉन्ट सांभाळतो. संतोष तोट्टिंगल यांचा मंजरी याच गटातून आला आणि गूगलच्या संग्रहातही गेला. एखादं जोडाक्षर फुटलं तर तक्रार कुठे करायची हे तिथल्या वाचकाला माहीत असतं आणि दुरुस्ती करणारा हात त्याच भाषेतला असतो. मराठीत उत्तम अक्षरकार आहेत. एक टाइपचं काम जगात नावाजलं जातं. र. कृ. जोशी आणि मुकुंद गोखले यांच्यासारख्यांची परंपरा पाठीशी आहे. बापूराव नाईकांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा त्रिखंडी ग्रंथ महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने १९७१ मध्येच काढला. नाही तो वाचकांचा आणि तंत्रज्ञांचा असा कायम जागता गट. आपण समाजमाध्यमावर फॉन्टला नावं ठेवतो. गिटहबवर तक्रार नोंदवत नाही.

पैशांचाही विचार व्हायला हवा. स्वतःहून फॉन्ट सादर करणाऱ्याला संग्रह मोबदला देत नाही. २०१४-१५ च्या सुमारास देवनागरीचे अनेक फॉन्ट एकदम दिसू लागले, त्यातले बरेच गूगलने पैसे देऊन करवून घेतले होते. पॉपिन्सच्या एकेका फाइलीत हजाराहून जास्त चिन्हं आहेत. नऊ वजनं, त्यांची तिरकी रूपं, अशा अठरा शैली. एवढं काम कुणी संध्याकाळच्या फावल्या वेळात करत नाही. म्हणून संस्थेने करवून घेतलेल्या फॉन्टचं महत्त्व जास्त. तिथे अक्षरकाराचे पैसे आधीच चुकते झालेले असतात. आयबीएमने स्वतःसाठी घडवलेला प्लेक्स २०१७ मध्ये मुक्त केला, आज त्यात देवनागरीही आहे. विद्यापीठं, साहित्य संस्था, महानगरपालिका आपल्या बोधचिन्हांवर आणि पाट्यांवर खर्च करतातच; त्यांनाही हे करता येईल. मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून स्फुरलेला यात्रा वन हा फॉन्ट कॅथरिन ली श्मिट या परदेशी अक्षरकर्तीने संग्रहात आणला. तो आपल्याकडच्या कुणी आणला नाही, याचं मला थोडं वाईट वाटतं.

गूगलच्या संग्रहापलीकडेही दारं आहेत. डेबियनसारखी लिनक्स वितरणं फॉन्ट घेतात. त्यांची अट अशी की मूळ फाइलींपासून मुक्त साधनांनीच तो पुन्हा बांधता आला पाहिजे. टेक (TeX) ही अक्षरजुळणीची प्रणाली वापरणाऱ्यांचं स्वतंत्र भांडार आहे. फॉन्टसोर्स तोच फॉन्ट संकेतस्थळ बांधणाऱ्यांना स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायला देतं. त्याची गरज काय, हे जानेवारी २०२२ मध्ये दिसलं. गूगलच्या सर्व्हरवरून फॉन्ट मागवल्यामुळे वाचकाचा आयपी पत्ता परस्पर गूगलकडे जातो, म्हणून म्युनिकच्या न्यायालयाने एका संकेतस्थळचालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली. फॉन्ट मुक्त असल्याने तो उचलून आपल्या घरी आणणं हा कायदेशीर उपाय होता आणि पुष्कळांनी तो केला. संग्रह एका कंपनीचा आहे, फॉन्ट तिचे नाहीत. गूगलने उद्या संग्रह बंद केला तरी मुक्ता आणि मोदक राहतील.

आणि शेवटी मोडी लिपी. तिला २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये जागा मिळाली. संग्रहात तिच्यासाठी नोटो सॅन्स मोडी आहे. अक्षरं ओळखता येतील, मजकूर टंकता येईल, इतपत त्याचं काम चांगलं आहे. पण पेशवेकालीन दप्तरातली, बोरू न उचलता धावणारी, शिरोरेषा आधी आखून तिच्याखाली लटकणारी मोडी त्यात नाही आणि त्या आराखड्यात ती बसणारही नाही. असा फॉन्ट करायचा, तर काना-मात्रा अक्षरातच मिसळून जाणाऱ्या शेकडो जोड्या काढाव्या लागतील, आणि शिवकालीन वळण धरायचं की पेशवेकालीन, हे आधी ठरवावं लागेल. परवाना तयार आहे, साधनं विनामूल्य आहेत, विनंती नोंदवायची जागा ठरलेली आहे. यंत्राची चाळणी तो फॉन्ट बहुधा विनातक्रार पार करेल, कारण तिला मोडीतलं काही कळत नाही. ते कळणारी माणसं पुण्याच्या पुराभिलेखागारात आणि भारत इतिहास संशोधक मंडळात जुन्या कागदांचे रुमाल सोडून बसलेली असतात. त्यांच्यापुढे फॉन्टचा नमुना ठेवायचं काम अजून कुणाच्या वाट्याला आलेलं दिसत नाही.